सात नंबरच्या लाइनीतलं औषध

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरी करणाऱ्या माणसाला चारचौघांत "तुम्ही काय करता?" असं विचारलं की त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. खरं सांगायचं आणि समोरच्याने हातातली प्लेट हळूच खाली ठेवलेली बघायची, नाहीतर "पाणी खात्यात आहे" म्हणून वेळ मारून न्यायची. ताई नेहमी खरं सांगायची. वर कुणी न विचारता तपशीलही पुरवायची.

केंद्रात तिला सगळे बाटलीताई म्हणत. शहरातल्या एकेका गटारलाइनीच्या तोंडाशी जायचं, दोरीला बांधलेला डबा आत सोडायचा, नमुना बाटलीत भरायचा आणि प्रयोगशाळेत आणून तपासायचा, हे तिचं काम. बाटलीताई या नावाने पाहुण्यारावळ्यांचे गैरसमज व्हायचे, पण खुलासा केला की गैरसमज बरा होता असं वाटून ते गप्प बसायचे.

घरी तिघं. आई, ताई आणि धाकटा. जेवताना ताई आपल्या जंतूंविषयी बोलायची. केंद्रात एक भली मोठी टाकी होती, तिच्यात खालून हवा सोडत आणि त्या हवेवर शहराची घाण खाणारे जंतू पोसत. ताई त्यांच्याबद्दल पोटच्या पोरांसारखं बोलायची.

"आज पोरांनी नीट खाल्लं नाही," ती घास घेता घेता म्हणायची.

"अगंबाई, का गं?" आई विचारायची.

"कुणीतरी कापड रंगवायचं पाणी सोडलं. एकदम ढीगभर विष आलं की टिकत नाहीत बिचारी. थोडं थोडं आलं तर झगडतात तरी."

आई हळहळायची. धाकटा पानावरून डोळे न उचलता म्हणायचा, "ताई, कुठल्याही घरात जेवताना हे बोलणं चालत असेल असं मला वाटत नाही. मी चौकशी करणार आहे."

सगळं असं सुरळीत चाललं असताना आरोग्य खात्याने केंद्राला एक नवीन काम लावलं. माणसाने घेतलेलं औषध त्याच्या शरीरातून बाहेर पडतं आणि शेवटी गटारात येतं. तेव्हा गटार तपासलं की कुठल्या भागात कुठली नशा चालते ते कळेल आणि तिथे मदत पोचवता येईल, असा हिशेब होता. केंद्राच्या साहेबांना ही कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी एक वाक्य स्वतः रचून, चौकटीत बसवून आपल्या खुर्चीमागे टांगलं: 'माणूस खोटं बोलेल, त्याचं सांडपाणी बोलणार नाही.' भेटायला येणारा प्रत्येक जण ते वाचायचा आणि मग खुर्चीच्या कडेवर बसायचा.

ताईकडे तपासपट्ट्या आल्या. पट्टी पाण्यात बुडवायची, रेघ उमटली तर औषध आहे, नाही उमटली तर नाही. एक नंबरच्या लाइनीपासून सुरुवात झाली. कुठे रेघ, कुठे नाही, ताई निर्विकारपणे पुढे जात होती. सात नंबरच्या पट्टीवर ठसठशीत रेघ उमटली आणि ताईने ती पट्टी उजेडात धरली, मग दिव्याखाली धरली, मग उलटी धरली. रेघ जागची हलेना.

सात नंबर म्हणजे तिचीच गल्ली. तीसेक घरं, एक बेकरी आणि बंद पडलेलं बटणांचं दुकान. आणि औषध होतं जबर दुखण्यावर देतात ते. धाकट्याला जे लागलं होतं, नेमकं तेच.

धाकटा मोटरसायकलवरून पडला होता तेव्हा त्याच्या हाताची दोन हाडं मोडली आणि डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्या. हाड जुळलं. गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. मग घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या, मग धाकटाच नाहीसा होऊ लागला. शेवटी एके दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "मला कुठेतरी नेऊन ठेवा." व्यसनमुक्ती केंद्रात बरेच महिने काढून तो गेल्या हिवाळ्यात परत आला, तेव्हा आईने दार उघडलं आणि "आलास? हातपाय धू," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. आता तो सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता. त्याच्या नखांत ग्रीस असायचं. ताईला ते ग्रीस पाहून जितकं बरं वाटायचं तितकं दुसऱ्या कशानेच वाटत नसे.

आणि आता ही रेघ.

ताई घरी आली ती धाकट्याकडे बघतच. तो आनंदी दिसला की तिला संशय यायचा. गप्प दिसला की यायचा. नेहमीसारखा दिसला की सगळ्यात जास्त यायचा, कारण सतत नेहमीसारखं दिसायला माणसाला केवढे कष्ट पडत असतील. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी घरच्यांना बजावलं होतं की त्याचे खिसे तपासू नका, काही वाटलं तर तोंडावर विचारा. ताईने खिसे तपासले. एक साखळीचा दुवा, एक छोटा पाना आणि कागद नसलेली एक पिवळट गोळी निघाली. ती गोळी तिने रुमालात गुंडाळून प्रयोगशाळेत नेली, विरघळवली आणि तपासली. लिंबाची होती.

त्या दिवशी संध्याकाळी धाकटा खिसे चाचपत म्हणाला, "आई, माझी लिमलेटची गोळी कुणी खाल्ली?"

"मी कशाला खाऊ," आई म्हणाली.

ताई भांडी विसळत राहिली. एक स्वच्छ भांडं तिने तिसऱ्यांदा विसळलं.

इकडे साहेब स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी गाडीवर भोंगा लावून सात नंबरच्या गल्लीत पाठवला. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये," भोंगा म्हणाला. तोवर कुणी घाबरलं नव्हतं, आता सगळे खिडक्यांत आले. "आपल्या गल्लीच्या सांडपाण्यात नशेचं औषध आढळलं आहे. ज्यांना मदत हवी असेल त्यांनी आरोग्य खात्याशी संपर्क साधावा. नाव गुप्त राहील."

झालं. गल्लीत अशी समजूत पसरली की कार्यालयात बसून त्यांना सगळं दिसतं. कोण काय खातं, काय पितं, कुणाच्या घरून काय आलं. दुसऱ्या दिवशी ताई नमुना घ्यायला झाकणाशी वाकली असताना बेकरीवाला जवळ आला आणि इकडेतिकडे बघत कुजबुजला, "बाटलीताई, मी परवा चौकातल्या दुसऱ्या बेकरीतला केक खाल्ला. ते दिसलं का हो?"

"तसलं काही दिसत नाही त्यात."

"बायकोला सांगू नका म्हणजे झालं. आमच्याकडचा केक तिच्या हातचा असतो."

शेजारचे निवृत्त हेडमास्तर सगळ्या गल्लीचे मास्तर. तेही येऊन गेले. काठी टेकत म्हणाले, "पोरी, तो भोंगा माझ्यासाठीच होता ना?"

"नाही हो मास्तर."

"मी खोकल्याचं औषध घेतो. रात्री जेवणानंतर दोन चमचे. खोकला गेला त्याला आता कैक वर्षं झाली." ते जरा थांबले. "आधी एकच चमचा होता."

सापडलं होतं ते औषध वेगळं. पण ताईला हसू आलं नाही. तिने त्यांना समुपदेशक बाईंचा फोन नंबर दिला आणि सांगितलं, एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारून करा. मास्तरांनी नंबर घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि हलके होऊन गेले. जन्मभर त्यांनी मुलांकडून चुका कबूल करवून घेतल्या होत्या. आपण करून बघितल्यावर त्यांना ते फारसं कठीण वाटलं नसावं.

बाकीच्यांनी मात्र वेगळा मार्ग काढला. सात नंबरच्या लाइनीत काही जाऊच द्यायचं नाही. बागेतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहासमोर सकाळी सकाळी रांग लागू लागली. तिथे गल्लीतले सगळे एकमेकांना भेटत, "फिरायला आलो होतो" असं सांगत आणि रांगेत उभे राहत. बागेचा माळी चक्रावला. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांना बागेची एवढी ओढ कधी लागली नव्हती.

याचा परिणाम पट्टीवर झाला. गल्लीचं पाणी निम्म्यावर आलं, औषध होतं तेवढंच राहिलं, म्हणजे तेवढंच औषध निम्म्या पाण्यात. रेघ आणखी गडद झाली.

"वाढतंय," साहेब म्हणाले.

"साहेब, औषध वाढलं नाही. पाणी कमी झालंय. लोक घरचा संडास वापरत नाहीयेत."

साहेबांनी विचार केला. "म्हणजे लोक पाणी कमी पितात आणि गोळ्या जास्त खातात."

"नाही साहेब."

"भोंगा पाठवतो," साहेब म्हणाले, आणि पाठवला. रांग बागेच्या फाटकाबाहेर गेली.

या रांगेत धाकटा नव्हता. ताईने बघून ठेवलं होतं. पण तो घरचा संडासही वापरत नव्हता. पहिला भोंगा वाजल्यापासून तो उठायचा, चूळ भरायचा आणि चहासुद्धा न घेता थेट दुकानावर जायचा. दुकानामागे संडास होता आणि तो नऊ नंबरच्या लाइनीवर होता. शहरातला कुठला संडास कुठल्या लाइनीला जोडलाय हे ज्या मोजक्या माणसांना पाठ होतं त्यांत ताई होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

बरं, दोन दिवस असा पळून पळून गेलेला हा पोरगा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणं गुणगुणत घरी आला. ताईला वाटलं, घेतल्याशिवाय एवढं कोण गुणगुणतं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती अंगणात गेली. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांच्या घरचं चेंबर होतं. घरातलं सगळं पाणी आधी तिथे यायचं आणि मग गल्लीच्या लाइनीला मिळायचं. त्यात दुसऱ्या कुणाच्या पाण्याचा संबंध नव्हता. आपल्याच घराचा नमुना चोरून घेण्याची पाळी आपल्यावर यावी, असं मनाशी म्हणत तिने झाकण उचललं आणि डबा आत सोडला.

"काही पडलं का गं?" कुंपणापलीकडून मास्तर म्हणाले.

"कानातलं पडलं मास्तर."

हे बोलायला नको होतं. मास्तर मदतीला धावले. त्यांनी काठी कुंपणाला टेकवली, बाही वर सारली आणि ताई नको नको म्हणत असताना कोपरापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपून त्यांनी एक चमचा, एक प्लास्टिकचा हत्ती आणि साबणाची वडी काढली. तिन्ही वस्तू त्यांनी कडेला ओळीने मांडल्या.

"तुझ्या कानात तर दोन्ही आहेत," मग ते म्हणाले.

"हो की," ताई म्हणाली. "सापडलं वाटतं."

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं, काठी उचलली आणि दुसऱ्या हाताने ती टेकत आंघोळीला गेले.

प्रयोगशाळेत जाऊन ताईने पट्टी बुडवली. इतकी काळी रेघ तिने आजवर पाहिली नव्हती. औषध त्यांच्याच घरातून येत होतं. धाकटा दिवसा घरचा संडास टाळत असला तरी रात्री उठत असणार, असं तिने धरून चाललं. ती स्टुलावर बसली. मग यंत्रासारखी उठली, उरलेला नमुना दुसऱ्या बाटलीत भरला आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून दिला. पट्टी फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगते, तिथलं यंत्र जास्त खोलात जातं. खोलात जाऊन काय निघणार हे तिला ठाऊक होतं. पण उत्तर यायला थोडे दिवस लागतील आणि तेवढे दिवस आपला भाऊ बराच असेल, असा तिचा हिशेब होता.

ते दिवस काही केल्या सरेनात. एकदा ती दुपारी उठून सायकलच्या दुकानात गेली. तोंडावर विचारायचं ठरवून गेली होती. धाकटा एक चाक फिरवून डोळा बारीक करून त्याची डगमग बघत होता.

"काय गं? तू इकडे कशी?"

"ब्रेक," ताई म्हणाली. "ब्रेक लागत नाही नीट."

त्याने तिची सायकल घेतली, ब्रेक दाबला, सोडला, दाबला. "उत्तम लागतोय."

"मला वाटतं नीट लागत नाही."

"ताई, तुला माझ्याशी काही बोलायचंय का?"

"नाही. ब्रेकच."

त्याने खांदे उडवले आणि उत्तम लागणारा ब्रेक सोडवून पुन्हा बसवला. तारेवर वाकलेला त्याचा हात ती बघत होती. मोडलेला तोच हात, आता अजिबात थरथरत नव्हता. ती घरी निघाली तेव्हा ब्रेक पूर्वीपेक्षा किंचित सैल लागत होता, आणि तिने ते कुणालाही सांगितलं नाही.

आणि मग फोन आला. मोठ्या प्रयोगशाळेतली बाई फोनवर कायम काहीतरी चावत बोलायची.

"तुमचा तो नमुना. कुणाचा आहे हो?"

"का?" ताईने टेबलाची कड धरली.

"नाही, गंमत वाटली म्हणून. औषध आहे भरपूर. पण असं बघा, माणसाने गोळी खाल्ली की शरीर तिला जशीच्या तशी सोडत नाही. मोडतोड करतं, आणि त्याचे तुकडे लघवीत येतात. आम्ही ते तुकडेच शोधतो. तुमच्या नमुन्यात एक तुकडा नाही हो. नुसती आख्खी गोळी."

"म्हणजे?"

"म्हणजे ते औषध कुणाच्या पोटातून आलेलंच नाही. तुमच्याकडे कुणी गोळ्या खात नाहीये बाई. कुणीतरी गटारालाच भरवतंय."

ताईने फोन ठेवला. ती उठून हवेच्या टाकीपाशी गेली आणि कठड्याला धरून बराच वेळ तपकिरी फेसाकडे बघत राहिली. टाकीला जो वास यायचा त्याने नवखा माणूस पायऱ्यांवरूनच मागे फिरायचा. ताईने छाती भरून तो वास घेतला. कामावर जाणारा पंपवाला थबकला आणि म्हणाला, "बरं वाटत नाहीये का?"

"फार बरं वाटतंय," ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पंपवाला दोन पावलं मागे सरकला आणि मग पंपाकडे गेला.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने आडवळण घेतलं नाही. दिवसभर वाक्य जुळवत होती, शेवटी भलतंच बोलली.

"आपल्या घरातून कुणीतरी दुखण्याच्या गोळ्या संडासात टाकतंय."

धाकट्याचा हात थांबला. आईचा थांबला नाही. तिने घास नीट चावून गिळला आणि म्हणाली, "थोड्या थोड्याच टाकते."

दोघं तिच्याकडे बघायला लागले.

"असं काय बघता? हा घरी परत आल्यावर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दिल्या होत्या डॉक्टरांनी. केवढं ते पाकीट. मी काय त्या घेणार होते?"

"तू घेतल्या नाहीस?" ताई म्हणाली. "अगं, तू तर म्हणत होतीस गोळीने एकदम आराम पडतो, आणि मग म्हणालीस सगळ्या संपल्या."

"मग काय म्हणू? दुखतंय म्हटलं असतं तर तुम्हीच गोळी घे म्हणून मागे लागला असता." आईने धाकट्याकडे न बघता त्याच्या पानात वाढलं. "शिवणयंत्राच्या खणात लपवून ठेवल्या होत्या. केंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या, असलं काही घरात ठेवू नका. मग कचऱ्यात टाकाव्यात तर कुणीतरी उचलेल. म्हणून रोज सकाळी चार चार, कोमट पाण्यात विरघळवून ओतते."

"अगं पण एकदम का नाही टाकल्यास? रोज रोज कशाला?"

आईला या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "तूच सांगितलंस ना. एकदम ढीगभर विष आलं की तुझी पोरं मरतात. थोडं थोडं आलं तर झगडतात. म्हणून थोडं थोडं. आणि विरघळवून, म्हणजे त्यांना चावायला नको."

दोनदा भोंगा फिरला, गल्ली बागेत रांगेत उभी राहिली, मास्तरांनी कोपरापर्यंत हात घातला, आणि या सगळ्याच्या मुळाशी ताईच्या जंतूंचे होणारे हाल आईला बघवले नाहीत, एवढंच होतं.

"आई," ताई शेवटी म्हणाली, "या गोळ्या जंतूंना पचत नाहीत. ते काही मरत नाहीत, पण औषध तसंच पुढे नदीत जातं. माशांच्या पोटात."

आईचा चेहरा पडला. "मासे?"

"थोडंच गेलं असेल."

"मला काय माहीत मासे असतात पुढे. तू मासे कधी बोलली नाहीस."

ते खरं होतं. ताई कायम टाकीपाशीच थांबायची.

मग धाकटा हसायला लागला. आधी नाकातून, मग तोंडातून, मग त्याने ताट बाजूला सारलं आणि गुडघ्यांत डोकं घातलं. ताईला कळेना हा हसतोय की रडतोय. वर आलेल्या चेहऱ्यावर दोन्ही होतं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"तो भोंगा वाजला ना, तेव्हा मला वाटलं मीच."

"काय?"

"अगं, मी घेत नाही हे मला माहीत होतं. पण केंद्रात एक जण सांगायचा, सवय अशी असते की माणूस झोपेत उठून घेतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. मी म्हटलं, झालं. गल्लीत दुसरं कोण आहे असं? म्हणून प्रयोग केला. घरचा संडास बंद. दुकानातला वापरायचा. सात नंबरातलं औषध कमी झालं तर तो मी." त्याने डोळे पुसले. "आणि दुसऱ्या भोंग्यात काय सांगितलं, तर वाढलंय. आयुष्यात कशाने एवढा आनंद झाला नव्हता मला."

"म्हणून गुणगुणत होतास?"

"मग."

ताईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. "मलाही वाटलं तूच."

"ते ब्रेकवरून कळलं."

"तुझी लिमलेटची गोळी मी प्रयोगशाळेत नेली होती."

धाकट्याने यावर विचार केला. "काय निघालं?"

"लिंबू."

"मग आणून द्यायची ना परत."

"विरघळवली."

"या घरात गोळ्या विरघळवायची आवडच आहे सगळ्यांना," तो म्हणाला आणि ताट पुढे ओढून जेवायला लागला. ताईला वाटलं तो रागवेल, उठून जाईल. तो पोटभर जेवला आणि वर आणखी मागितलं. आई त्याला वाढता वाढता मध्येच म्हणाली, "गुडघा फार दुखायचा रे तेव्हा," आणि धाकटा म्हणाला, "माहीत आहे. तू रात्री भिंतीला लाथ मारायचीस." तेवढ्यावर तो विषय संपला.

सकाळी ताईने खणातल्या उरलेल्या गोळ्या एका पिशवीत घातल्या. मोठ्या दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीपाशी जुनी औषधं परत घ्यायची कुलूपबंद पेटी होती. तिथे टाकलेली औषधं जाळायला पाठवत. हे ताईला आधीपासून माहीत होतं. आईला माहीत नव्हतं, कारण जेवताना ताईने ते कधी काढलंच नव्हतं.

"मीही येतो," धाकटा म्हणाला. "दुकान उशिरा उघडतंय."

दोघं चालत निघाले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर साहेबांचा फोन आला. ताईने पिशवी धाकट्याच्या हातात कोंबली आणि फोन कानाला लावला.

"सात नंबरला कुणी खात नाहीये साहेब. टाकत होते. आता बंद झालंय... नाही, कोण ते सांगता येणार नाही, नाव गुप्त राहील असं आपणच भोंग्यावर म्हणालो होतो... हो, भोंगा पाठवा. जुनी औषधं संडासात टाकू नका, दवाखान्याच्या पेटीत टाका, एवढंच सांगा... घाबरून जाऊ नये हे नका म्हणू साहेब. अजिबात नका म्हणू."

फोन ठेवून ती वळली, आणि आपण काय केलं ते तेव्हा तिच्या लक्षात आलं. धाकटा पायरीवर उभा होता. कुणाचं तरी तान्हं मूल अचानक हातात द्यावं तशी त्याने ती पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

"मोजून घेतल्यास का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग आत्ता दोन कमी झाल्या तर तुला कळणार नाही."

"नाही कळणार."

तो थोडा वेळ उभा राहिला. ताईने पिशवी मागायला हात पुढे केला नाही. तो हात काय करावा हे न सुचून तिने तो केसांतून फिरवला.

"बरं," तो म्हणाला आणि पायऱ्या चढू लागला.

पेटीचं तोंड अरुंद होतं. पिशवी मावेना, तेव्हा त्याने गोळ्यांची एकेक पट्टी काढून आत सारली. शेवटची पडल्याचा आवाज ऐकला, पिशवी उलटी करून झटकली आणि घडी करून खिशात ठेवली. खिडकीतला औषधवाला हे सगळं चष्म्यावरून बघत होता.

"बऱ्याच होत्या की," तो म्हणाला. "कोण घेत होतं?"

"कुणीच नाही," धाकटा म्हणाला.

त्याला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं.